तंदूर आज येणार नाही

रविवार, सकाळचे अकरा वीस. मी नुकतंच पेपरातलं शब्दकोडं सोडवायला घेतलं होतं, तेवढ्यात भाच्याचा फोन आला.

"मामा, तंदूर पळाला."

मी चष्मा काढून ठेवला. तंदूर मी स्वतः पाहिला होता. चार माणसांनी टेम्पोतून उतरवलेला, बाहेरून पत्र्याचं पिंप, आतून जाड माती. तो पळण्याच्या प्रकृतीचा वाटला नव्हता.

"पळाला म्हणजे?"

"रात्री बॅग भरून गेला. चायनीजला विचारलं तर तो म्हणतो मला काही माहीत नाही. मोरी म्हणते, मला आठ दिवसांपासून माहीत होतं. आणि साउथ इंडियन कालपासून रुसून बसलंय."

हॉटेलच्या धंद्यात माणसांना नावं नसतात असं नाही, पण ती आधार कार्डावर असतात. भटारखान्यात माणूस ज्या शेगडीपाशी उभा राहतो तीच त्याची ओळख. 'तंदूर' म्हणजे रोट्या लावणारा. 'मोरी' म्हणजे भांडी घासणाऱ्या मावशी. 'चायनीज' म्हणजे नूडल्सवाला, मूळ गाव परभणी. त्यामुळे रोज सकाळी 'चायनीजच्या पोटात दुखतंय', 'साउथ इंडियनच्या बहिणीचं ठरलं' असली वाक्यं कानावर येतात आणि आठवड्याभरात ती विचित्र वाटेनाशी होतात. मला होतात. परवा मी फोनवर "चायनीजला दोन हजार दे आणि रूमवर झोपायला पाठव" असं म्हणालो, तेव्हा मेथी निवडत बसलेली बायको बराच वेळ एकच काडी हातात धरून होती.

आता भाच्याचा तंदूर पळाला तर फोन मला का, हे सांगायला हवं. मी एका बँकेच्या कार्मिक विभागात ३१ वर्षं काढली. माणसं घेणं हा माझा व्यवसाय. एका जागेला चारशे अर्ज यायचे. पहाटेची एसटी पकडून आलेले उमेदवार, नव्या बुटानं टाच सोललेली, बगलेत फाईल. दार लोटून विचारायचे, "बसू का सर?" मी लगेच हो म्हणत नसे. पेनाचं टोपण लावायचो, कागद सरळ करायचो, मग मान हलवायचो. पुढं गोपनीय अहवाल लिहायचं कामही माझ्याकडे आलं. त्यातला माझा लाडका शेरा होता 'सुधारणेस वाव आहे'. तो कुणालाही लागू पडे, आणि कुणी भांडायला आलंच तर "अहो, चांगलंच लिहिलंय की" असं म्हणता येई.

भाचा आयटीत. पुण्यात आयटीतल्या माणसाला चाळिशी लागली की त्याला दोनच गोष्टी सुचतात, मॅरेथॉन किंवा हॉटेल. भाच्याचे गुडघे खराब होते. सिंहगड रस्त्याच्या आतल्या बाजूला त्यानं जागा घेतली, अठरा टेबलं टाकली, मेनूकार्डावर 'आजीच्या हातची चव' असं छापून घेतलं. आजीचे ते हात सुलतानपूरच्या एका तेवीस वर्षांच्या मुलाचे होते, आणि उद्घाटनानंतर सहाव्या दिवशी ते हात खिशात घालून तो निघून गेला.

मग ताई माझ्याकडे आली. "तू उभा जन्म माणसं घेतलीस. याला चौदा घेऊन दे."

"चौदाच?" मी म्हणालो.

हा एक शब्द मला अजून रात्री दोन वाजता आठवतो. भाच्यानं त्याच दिवशी माझी नेमणूक केली. मामा तर मी होतोच, पण बनायला तिथून सुरुवात झाली.

जाहिरातीचा मसुदा मी स्वतः केला. 'खालील रिक्त पदे भरणे आहेत' इथपासून 'निवडीबाबतचे सर्व अधिकार व्यवस्थापनाकडे राखीव आहेत' इथपर्यंत. किमान शैक्षणिक पात्रता, वयोमर्यादा, पूर्वानुभवाचे दाखले, अर्ज तीन प्रतींत, सोबत पासपोर्ट आकाराची दोन छायाचित्रे. खाली 'वेटर (पदे ५)' असा तक्ता. फ्लेक्स करून दारावर लावला. आठ दिवसांत एक माणूस आला. पासष्टीचे गृहस्थ, हातात छत्री. फलक त्यांनी वरपासून खालपर्यंत वाचला आणि आत येऊन म्हणाले, "'छायाचित्रे' मधला 'त्र' फुटलाय. आणि वरती 'पाहिजे' लिहिलंय. पदं अनेक असतील तर 'पाहिजेत'."

"आपल्याला नोकरी हवीय का?" मी आशेनं विचारलं. त्या आठ दिवसांत माझ्या अपेक्षा बऱ्याच खाली आल्या होत्या.

"छे! मी फक्त चूक दाखवायला आलो. चहा कसा आहे तुमच्याकडे?"

चहा मीच दिला. दुसरं कुणी नव्हतं.

समोरच्या हॉटेलच्या दाराशी पुठ्ठ्यावर मार्करनं एवढंच लिहिलेलं होतं: 'वेटर, हेल्पर पाहिजे. राहून-खाऊन.' त्या पुठ्ठ्यासमोर मी स्वतः दोन मुलं थांबलेली पाहिली होती. भाच्यानं माझा फ्लेक्स उतरवला. तो आता मागच्या बाजूला कांद्याच्या पोत्यांवर पावसापासून संरक्षण म्हणून उत्तम काम करतो.

यानंतर अ‍ॅप आलं. हल्ली माणसं अ‍ॅपवर मिळतात म्हणे. तिथं 'वेटर' असं टाकल्यावर यंत्रानंच सुचवलं की 'गेस्ट सर्व्हिस असोसिएट' लिहा. हेल्परचा 'किचन टीम मेंबर' झाला. रात्रीतून १८६ अर्ज आले! मी सकाळी ते वाचायला बसलो आणि थक्क झालो. बँकेत अधिकाऱ्याच्या जागेलाही असे अर्ज मी पाहिले नव्हते. एकानं लिहिलं होतं की गेली चार वर्षं तो उच्च तापमानाच्या वातावरणात वेळेचं काटेकोर नियोजन करून वैविध्यपूर्ण ग्राहकवर्गाला समाधान देत आहे. फोन केल्यावर कळलं, गडी स्वारगेटला भजी तळत होता. अर्ज यंत्रानं लिहून दिला होता. दुसऱ्यानं 'तुमच्यातला दोष' या रकान्यात 'मी कामात स्वतःला फार वाहून घेतो' असं लिहिलं होतं. तो आलाच नाही, त्यामुळे खातरजमा करता आली नाही.

१८६ अर्ज कोण वाचणार? भाच्यानं मग यंत्रालाच अर्ज वाचायला लावलं. त्यानं प्रत्येकाला शंभरपैकी गुण दिले. सत्त्याण्णव गुणवाल्याला आम्ही मोठ्या आदरानं फोन लावला. तो म्हणाला, "कोण बोलतंय?" त्यानं आदल्या रात्री अंथरुणात पडल्या पडल्या शंभरावर ठिकाणी अंगठा दाबला होता. आपण कुठं नोकरी मागितली हे त्याला ठाऊक नव्हतं, आम्ही कुणाला निवडलं हे आम्हाला ठाऊक नव्हतं. दोन यंत्रांचं मात्र छान जमलं होतं.

जे फोन उचलायचे ते सगळे "येतो" म्हणायचे. आपल्याकडे निघताना 'जातो' म्हणू नये, 'येतो' म्हणावं अशी रीत आहे. ही मुलं ती रीत फोनवरच पाळतात. "येतो सर." "निघालोय सर." "पोचतोच सर." एकाला म्हटलं, बाबा, लोकेशन पाठव. सकाळी दौंड आलं. बरं वाटलं. दुपारी पुन्हा मागितलं तर मनमाड, संध्याकाळी भुसावळ. मुलगा खरंच निघाला होता, फक्त गाडी दुसऱ्या बाजूची होती.

२०२१ साली अमेरिकेत, फ्लोरिडातल्या मॅकडोनाल्ड्सच्या एका शाखेनं नुसतं मुलाखतीला येणाऱ्याला ५० डॉलर देऊ केले होते. ही बातमी भाच्यानं कुठंतरी वाचली आणि त्याचे डोळे चमकले. "मामा, आपण पण काहीतरी देऊ." पन्नास डॉलरचे रुपये किती होतात ते ताईनं मनातल्या मनात मोजलं आणि म्हणाली, "पोहे द्या."

म्हणून आम्ही जाहीर केलं: मुलाखतीला येणाऱ्यास पोहे व चहा. त्या सकाळी सत्तावीस माणसं आली. मी इस्त्रीचा शर्ट घातला होता, टेबल क्रमांक एकवर कागद, पेन, पाण्याचा ग्लास. पहिल्या अर्ध्या तासात माझ्या लक्षात आलं की दोन जण बांधकामावरचे गवंडी आहेत, एक रिक्षा स्टँडवरचा आहे आणि एका कुटुंबानं बाळाला बरोबर आणलंय. एकानं लिंबू मागितलं. एकानं बांधून मागितले. सगळ्यांनी पोहे छान झाल्याचं आवर्जून सांगितलं, "कळवतो" म्हणून हात धुतले आणि गेले. मुलगी पसंत नसताना पाहुणे जसे चिवड्याचं कौतुक करतात, तसं.

सव्विसांनी कौतुक केलं. सत्ताविसाव्यानं बशी बाजूला सारली आणि म्हणाला, "पोहे जास्त भिजवलेत. फोडणीत मिरची जळलीय. कढई कुणी धुतली नव्हती का?"

मी उठून उभा राहिलो. हाच तो! सव्वीस जण पोहे खायला आले होते, हा एकटा पोहे बघायला आला होता. दरभंग्याचा, वय पस्तिसेक, बारा वर्षं पुण्यात, त्यामुळे त्याचं मराठी माझ्या हिंदीपेक्षा पुष्कळ बरं. मी पेनाचं टोपण लावलं, कागद सरळ केला. मान वर केली तर तो समोर बसलेला होता. त्यानं विचारलंच नव्हतं.

"मालक कोण?"

मी भाच्याकडे बोट दाखवलं.

"पहिलं हॉटेल?"

"हो."

त्यानं सावकाश मान हलवली. ही मान मी ओळखली, ती माझीच होती. "गॅस लाइनचा की बाटल्याचा? एक्झॉस्ट ओढतो का? मोरीला दोन माणसं आहेत का एकच? रूमवर किती जण? संडास आत की बाहेर? गरम पाणी? वायफाय?"

भाचा मध्येच म्हणाला, "आमच्याकडे सगळं अगदी घरच्यासारखं आहे हो."

"घरी पगार मिळत नाही," तो म्हणाला, "म्हणून तर घर सोडलं."

मग त्याची नजर माझ्यावर आली. "आणि तुम्ही?"

"मी माणसं घेतो."

"शिक्षण?"

"एम. ए. शिवाय कार्मिक व्यवस्थापनाची पदविका."

"हॉटेल लाइनमध्ये किती वर्षं?"

"पाच... आठवडे."

तो काही बोलला नाही. बाहेर गेला, कुणालातरी फोन लावला. आमच्याकडून पळालेल्या सुलतानपूरवाल्याला. बँकेत आम्ही उमेदवाराची चौकशी करायचो, इथं उमेदवार आमची करत होता. दहा मिनिटं तो फूटपाथवर बोलत होता आणि आम्ही तिघं काचेच्या आत बारावीचा निकाल लागावा तसे उभे होतो. आत येऊन तो म्हणाला, "पगार वेळेवर देतात, डोकं मात्र फार खातात, असं सांगितलं त्यानं. बघू. आधी ट्रायल देतो."

ट्रायल म्हणजे या धंद्यातली लेखी परीक्षा. दाल फ्राय, एक पनीर, एक जिरा राइस. काही लोक ट्रायलचेच व्यावसायिक असतात. सोमवारी या हॉटेलात ट्रायल, मंगळवारी त्या, आठवडाभराचं दुपारचं जेवण सुटतं. हा तसला नव्हता. त्याची दाल तोंडात गेली आणि ताईनं आजीचा विषय कायमचा बंद केला. आम्ही त्याला 'वस्ताद' म्हणायला लागलो. त्यानं मला 'मामा' म्हणायला सुरुवात केली. पाठोपाठ चायनीज, मोरी, दूधवाला, गॅसवाला, सगळ्यांचाच मी मामा झालो.

वस्ताद आला आणि माझं खातंच बंद पडल्यासारखं झालं. तंदूर कमी आहे? त्यानं गावाकडे फोन लावला, चौथ्या दिवशी तंदूर हजर. हेल्पर? चुलतभाऊ. भाजी कापायला? चुलतभावाचा मेहुणा. एकतीस वर्षांच्या अनुभवानं मला जे जमलं नाही ते त्यानं कढई हलवता हलवता तीन फोनमध्ये केलं. अ‍ॅप कसलं नि यंत्र कसलं, हा धंदा अजून गावावर चालतो. मुंबईची उडुपी हॉटेलं अशीच तर उभी राहिली. कुणाचा तरी मामा पुढं आला, मागून भाचे आले, कपबशा विसळता विसळता रात्रशाळेत शिकले आणि गल्ल्यावर बसले.

समोरचे अण्णा त्यांच्यातलेच. चौदाव्या वर्षी गावाहून मुंबईला आलेले. संध्याकाळी चार वाजता, हॉटेलच्या ब्रेकमध्ये, आम्ही त्यांच्या दाराशी फिल्टर कॉफी घेत बसायचो. अण्णा म्हणायचे, "पूर्वी मालक काढून टाकेल म्हणून पोरगा घाबरायचा. आता पोरगा जाईल म्हणून मी घाबरतो. पूर्वी एक बारक्या मिळायचा, सगळं करायचा."

मी सांगितलं, अण्णा, चौदाच्या आतल्या मुलाला हॉटेलात ठेवायला १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे.

"म्हणून तर म्हणतो, पूर्वी," अण्णा म्हणाले.

याच कॉफीवर आमचा तह झाला. तुमची माणसं आम्ही ओढायची नाहीत, आमची तुम्ही ओढायची नाहीत. अण्णांनी माझा हात हातात घेतला. फार उबदार हात. दुसऱ्या रविवारी अकरा वीसला भाच्याचा तो फोन आला. तंदूर पळून पळून गेला कुठं होता? समोर. रस्ता चाळीस फुटी. मी आमच्या दारात उभा, तो अण्णांच्या दारात उभा, त्यानं मला हात हलवून 'जेवला का मामा' असंही विचारलं.

अण्णांना जाब विचारला तर ते म्हणाले, "मी ओढला नाही. तो आला. मी फक्त दीड हजार जास्त म्हणालो." मग भाच्यानं त्याच्यावर दीड हजार चढवले आणि तंदूर परत आणला. पंधरा दिवसांनी तो पुन्हा पलीकडे. अठरा हजारांवर लागलेला मुलगा तीन महिन्यांत चार वेळा रस्ता ओलांडून चोवीस हजारांवर गेला. तेवढ्याच पटीच्या वाढीसाठी मला बँकेत नऊ वर्षं लागली होती, आणि तीही आधी गडहिंग्लज, मग गोंदिया करून. हा तर मधला दुभाजकसुद्धा मोडत नव्हता, झेब्रा क्रॉसिंगनं जायचा.

उचलीबद्दल मी बोलू नये हेच बरं, पण बोलतो. कामाला लागतानाच आगाऊ रक्कम घ्यायची, तिला उचल म्हणतात. माझ्या बँकेत दहा हजारांच्या कर्जाला दोन जामीन, सातबारा आणि तीन सह्या लागायच्या. इथं एका हेल्परनं घराचं छप्पर गळतंय असं सांगताना असा आवाज काढला की माझ्याच डोळ्यांतून गळायला लागलं. दहा हजार दिले. तिसऱ्या दिवशी तो गेला. तारण म्हणून रूमवर एक दात घासायचा ब्रश आणि एक स्लीपर राहिली. डाव्या पायाची.

मधल्या काळात हुद्द्यांची भानगड उद्भवली. एक वेटर गंभीर चेहऱ्यानं आला. म्हणाला, "मामा, सोयरीक जमत नाही. मुलीकडचे विचारतात मुलगा काय करतो, वेटर म्हटलं की पोहेसुद्धा देत नाहीत." त्याचं दुःख मला कळलं. आम्ही त्याला कार्ड छापून दिलं: 'फ्लोअर एक्झिक्युटिव्ह'. संध्याकाळी लादी पुसणारा मुलगा पोछ्याची काठी घेऊनच माझ्यापुढं उभा राहिला. "फ्लोअर मी पुसतो, आणि एक्झिक्युटिव्ह तो?" या युक्तिवादाला उत्तर नव्हतं. त्यालाही कार्ड दिलं. आता आमच्याकडे सगळेच एक्झिक्युटिव्ह आहेत. पाण्याचा जग हातात घेऊन टेबलापाशी जायला माणूस शोधावा लागतो.

वैद्यकीय तपासणीचंही सांगतो. अन्नपदार्थ हाताळणाऱ्या प्रत्येकाची वर्षातून एकदा तपासणी करून दाखला ठेवावा लागतो, नियमच आहे. कागदपत्रं म्हटल्यावर माझ्या अंगात बारा हत्तींचं बळ आलं. अकरा जणांना रांगेत नेलं, नऊ जणांना घेऊन परत आलो. दोघांना वाटेतच बाहेर नोकरी लागली होती. आपण ठणठणीत आहोत असा शिक्क्याचा कागद हातात पडला की माणसाचा भाव वाढतो, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. तपासणीचे पैसे आमचे, ठणठणीत माणूस दुसऱ्याचा.

एका हेल्परला तर मी स्वतः घालवला. तो सलग तीन दिवस उशिरा आला म्हणून मी त्याला वेळेचं महत्त्व या विषयावर वीस मिनिटं ऐकवलं. त्यानं शांतपणे ऐकलं आणि संध्याकाळी मोटरसायकलवर पार्सलं पोचवायच्या कामाला लागला. पंधरवड्यानंतर पाठीवर चौकोनी पिशवी लावून तो गल्ल्यापाशी उभा. "मामा, ऑर्डर चारशे बेचाळीस. किती वेळ?"

"दहा मिनिटं."

"दहा मिनिटं तुम्ही दहा मिनिटांपूर्वी पण म्हणालात. मामा, गेलेली वेळ परत येत नाही." वाक्य माझंच होतं. पाठांतर चांगलं होतं मुलाचं.

आणि मग दिवाळी आली. एकाच गावची माणसं घेऊ नयेत, असं अण्णांनी पहिल्याच कॉफीला सांगितलं होतं. मी ते त्यांचं राजकारण समजलो. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी वस्ताद पिशवी घेऊन आला. "मामा, छठ आहे. येतो."

"तू जा, बाकीचे आहेत ना?"

त्यानं माझ्याकडे फार मायेनं पाहिलं. मागं तंदूर उभा होता (त्या आठवड्यात तो आमचा होता), चुलतभाऊ उभा होता, चुलतभावाचा मेहुणा उभा होता. सगळ्यांच्या खांद्यावर पिशव्या. छठ कार्तिक शुद्ध षष्ठीला. नदीकाठी मावळत्या सूर्याला अर्घ्य द्यायचं, दुसऱ्या दिवशी उगवत्याला, आणि त्यासाठी घरी पोचायचं. पुणे-दानापूर गाडीत पाय ठेवायला जागा नसते, तरी ही मुलं जातात. त्यांची आई निर्जळी उपास करून घाटावर उभी असते. तिला मी कोणता रजेचा नियम दाखवणार होतो? "लगेच येतो मामा," वस्ताद म्हणाला. 'लगेच' म्हणजे तुळशीचं लग्न उरकून, हे मला आता कळतं.

इकडे फराळाला कंटाळलेलं अख्खं पुणं त्याच आठवड्यात हॉटेलात येतं. अठरा टेबलं भरलेली, दारात नावं लिहून घेतलेली. तव्यावर परभणीचा चायनीज, त्यानं पिठल्यात सोया सॉस घालायला हात उचललेला मी ऐन वेळी धरला. गल्ल्यावर ताई. भाचा लॅपटॉप मिटून भाकरी थापत होता, गोल सोडून सगळ्या आकारांच्या. वाढायला मी.

टेबल अकरावर एक ओळखीचा चेहरा बसला होता. आमच्या बँकेतला लिपिक. त्याच्या बदलीचा अर्ज मी तीनदा नामंजूर केला होता. त्यानं मला ओळखलं की नाही, कळलं नाही. "काका, पाणी," एवढंच म्हणाला. मी पाणी दिलं, भाकरी दिली, ठेचा द्यायला विसरलो, मग दिला. जाताना त्यानं वीस रुपये ठेवले आणि अभिप्रायाच्या कार्डावर नीट अक्षरात काहीतरी लिहिलं. तो गेल्यावर मी कार्ड उचललं.

'वाढप्यात सुधारणेस वाव आहे.'

रात्री साडेअकराला मोरीच्या मावशींनी जाहीर केलं की आता त्यांचे हात चालत नाहीत. राहिलेली पातेली मी घासायला बसलो. एकतीस वर्षांच्या नोकरीत माझ्या बाह्यांवर शाईचा डागही पडला नव्हता, आता कोपरापर्यंत राख होती. तेवढ्यात मागच्या दारानं तो पार्सलवाला मुलगा आला. पातेल्यात वाकलेला मला पाहून त्याचा चेहराच उतरला.

"मामा, हे काय? किती देतात तुम्हाला?"

मी खरं ते सांगितलं. काही नाही, घरचंच आहे.

"या वयात?" तो बराच वेळ गप्प उभा राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, "माझी ओळख आहे एका ठिकाणी. हलकं काम आहे, टोकन द्यायचं. राहून-खाऊन. सांगू का?"

मी लगेच हो म्हटलं नाही. नळ बंद केला, पातेलं पालथं घातलं. मग पगार विचारला. इथल्यापेक्षा बराच जास्त आहे. साप्ताहिक सुट्टी मंगळवारी. अट एकच, आधी एक दिवस ट्रायल द्यावी लागेल.

तेव्हा वाचकहो, आपल्या ओळखीत कुणी असेल तर अवश्य कळवा. सिंहगड रस्त्याच्या आतल्या बाजूला, आमच्या भाच्याच्या हॉटेलात पुढील जागा रिकाम्या आहेत: तंदूर एक, हेल्पर दोन, मोरीला एक, आणि माणसं घेणारा मामा एक. राहून-खाऊन. मुलाखतीला पोहे मिळतील. लिंबू मागावं लागेल.